टेबलापलीकडचे तीन श्रोते

कॅम्पसला कंपनी येणार म्हटलं की आमच्या तंत्रनिकेतनात आदल्या आठवड्यापासून गडबड सुरू होते. मी कम्युनिकेशन स्किल्स शिकवते आणि प्लेसमेंटचं कामही बघते, त्यामुळे बायोडेटा तपासण्यापासून मुलांना बूट पॉलिश करून यायला सांगण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. त्या वर्षी जवळचीच एक फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवणारा कारखाना, मेकॅनिकलची मुलं डिप्लोमा ट्रेनी म्हणून घ्यायला येणार होती. कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत हा सगळा पट्टा ओतकामाचा. आमच्या कितीतरी मुलांचे वडील, काका, मामा तिथेच कामाला आहेत. तरी मुलाखतीत फाउंड्रीबद्दल विचारलं की मुलं पुस्तकातली व्याख्या म्हणून मोकळी होतात. घरात रोज जे ऐकतात ते बोलायला त्यांना संकोच वाटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आदल्या दिवशी आम्ही मॉक इंटरव्ह्यू ठेवले होते. पॅनेलवर मी, मेकॅनिकलचे विभागप्रमुख आणि आमचाच एक माजी विद्यार्थी. हा मुलगा दुसऱ्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, दिवसभराची रजा टाकून आला होता.

एका मुलीकडून सगळ्यांनाच मोठ्या अपेक्षा होत्या. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली, जिल्ह्याला नंबर आलेला, कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडे. ती आत आली, बसली आणि विभागप्रमुखांनी नेहमीचा पहिला प्रश्न टाकला, "स्वतःबद्दल सांगा."

तिनं अभंगाच्या एका ओळीनं सुरुवात केली. आवाज खणखणीत, चढउतार अगदी जिथल्या तिथे. नजर मात्र आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. बसली होती खुर्चीत, पण बोलत होती व्यासपीठावर उभं राहून बोलावं तसं. मध्येच माजी विद्यार्थ्यानं विचारलं, "प्रोजेक्ट कशावर केलात?" ती अडखळली, दोन शब्दांत उत्तर दिलं आणि आधीचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पाठ केलेलं भाषण तुटलं की वक्ता असाच मागे जातो. स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलेल्या कोणालाही हे लगेच ओळखू येतं.

मग त्यानं कामाचा प्रश्न विचारला, ओतलेल्या भागात राहून जाणाऱ्या पोकळीबद्दल. "कास्टिंगमध्ये ब्लो होल का येतो?"

"आजच्या जागतिक स्पर्धेच्या युगात गुणवत्तेला अनन्यसाधारण महत्त्व आहे..."

त्यानं पेन खाली ठेवलं. ती गेल्यावर मला म्हणाला, "मॅडम, पोरगी हुशार आहे, पण ती आमच्याशी बोलतच नाही."

बाहेर आले तर ती जिन्याजवळ थांबली होती. "मॅडम, माझं वक्तृत्वच नडलं ना? उद्या मी सगळ्यांसारखंच बोलते."

या वाक्यानं मला धसका बसला. सगळ्यांसारखं म्हणजे कसं, ते मी सकाळपासून ऐकत होते. "म्हणजे ते असं असतं की... म्हणजे..." आणि वाक्याचं क्रियापद तोंडातच विरतं. उत्तर येत असूनही आवाज कॉलरच्या बाहेर पडत नाही. या मुलीजवळ जे होतं ते बाकीच्यांना वर्षभर शिकवूनही येत नाही. श्वासावर ताबा, स्पष्ट उच्चार, पूर्ण वाक्य, शांततेला न घाबरणं. हे सगळं तिनं एका रात्रीत टाकून दिलं असतं तर माझ्या मते फार मोठं नुकसान झालं असतं.

अडचण वेगळीच होती. तिची बक्षिसं तयारीच्या भाषणांची होती. उत्स्फूर्त वक्तृत्वात, जिथे चिठ्ठी उचलायची आणि थोडा वेळ विचार करून बोलायचं, तिथे तिनं कधी भागच घेतला नव्हता. आणि मुलाखत म्हणजे पहिल्या मिनिटापासून उत्स्फूर्तच. शिवाय आपल्याकडे व्याख्यानाची परंपरा मोठी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालू आहे. मला त्या परंपरेचा मनापासून अभिमान आहे. पण व्याख्यानाचा श्रोता वक्त्याला मध्येच थांबवत नाही. मुलाखतीतला थांबवतो, आणि थांबवावं म्हणूनच त्याला तिथे बसवलेलं असतं.

पुण्यात असताना मी टोस्टमास्टर्सच्या एका क्लबात जात असे. लोकांसमोर बोलण्याचा सराव करून घेणारी ही संस्था राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केली. तिथे टेबल टॉपिक्स नावाचा भाग असतो. विषय तिथल्या तिथे मिळतो आणि साधारण एक ते दोन मिनिटं बोलायचं. एक मिनिटाला हिरवा दिवा, दीड मिनिटाला पिवळा, दोनला लाल. शिवाय कोण किती वेळा "अं", "म्हणजे" म्हणालं ते मोजायला एक माणूस वेगळा बसवतात. मला त्या दिवशी हेच आठवलं. मी ऑफिसातून रंगीत कागद आणले आणि वेळ निम्मी केली. अर्ध्या मिनिटाला हिरवा, मिनिटाला लाल. मुलाखतीत पहिलं उत्तर एवढंच पुरे, पुढचं हवं असेल तर ते विचारतात.

चिठ्ठ्या विभागप्रमुखांनी लिहिल्या. "मायक्रोमीटरला रॅचेट का असतं?" "वाळूत ओलावा जास्त झाला तर?" "रात्रपाळी जमेल का?" "तुम्हालाच का घ्यावं?" आम्ही ड्रॉइंग हॉलमधल्या टेबलाशी समोरासमोर बसलो. मी तिला सांगितलं, प्रश्न संपला की एक श्वास घे. पहिलं वाक्य म्हणजे थेट उत्तर. मग कारण. मग स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट. आणि थांब. ज्यानं विचारलं त्याच्याकडे बघून सुरुवात कर, मधली वाक्यं इतर दोघांना दे, शेवटचं वाक्य परत त्याला. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतेस तो आवाज इथे टेबलाच्या पलीकडच्या काठापर्यंत पोचला की झालं.

सुरुवातीची उत्तरं पुस्तकीच आली. मायक्रोमीटर हे बारीक माप घ्यायचं उपकरण, आणि रॅचेट म्हणजे त्याच्या टोकाची फिरवायची कळ. त्या चिठ्ठीवर तर ती व्याख्याच म्हणायला लागली. मी विचारलं, "अगं, तू कधी हातात धरलायस का मायक्रोमीटर?"

"म्हणजे काय मॅडम, बाबांचा लेथ आहे ना उद्यमनगरात. सुट्टीत मीच मापं घेते."

"मग बाबांच्या शॉपमध्ये नवा पोरगा आलाय असं समज आणि त्याला सांग."

तिचा उजवा हात वर आला. स्पर्धेत तिचे हात मोठे, गोलाकार फिरायचे. आता अंगठा आणि तर्जनी हवेत न दिसणारं रॅचेट फिरवायला लागली. "आधी झिरो बघायचा. मग जॉबला हलकं टेकवायचं आणि शेवटी रॅचेटच फिरवायचं. टक-टक वाजलं की थांब. थिंबल, म्हणजे ही फिरती नळी, धरून आवळलंस तर माप कमी येणार. तुझा दाब वेगळा, माझा वेगळा. दोघांचं माप एकच यावं म्हणून रॅचेट आहे." हिरवा कागद वर करायचंही मी विसरले. तिचे डोळे माझ्यावर होते, मला समजतंय का ते बघत होते. अनेक वर्षं वक्तृत्व शिकवताना मुलांकडून मला नेमकं हेच हवं असतं, आणि स्पर्धेच्या मंचावर ते क्वचितच बघायला मिळतं.

संध्याकाळी बाकीची मुलं आटोपल्यावर माजी विद्यार्थ्याला मी परत बोलावलं. त्यानं तोच प्रश्न विचारला. ब्लो होल.

ती क्षणभर थांबली. "धातू थिजताना त्यात वायू अडकतो म्हणून, सर. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त असला की त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्ये राहते. आमच्याकडे एकदा एक जॉब आला होता, वरून एकदम साफ. बाबांनी बोअरिंगचा शेवटचा कट घेतला आणि आत पोकळी उघडी पडली. तोवरची सगळी मजुरी गेली. कास्टिंग फाउंड्रीला परत."

आणि ती थांबली. तो खुर्चीत पुढे सरकला. "तुम्ही फाउंड्रीच्या क्वालिटीत असता तर काय केलं असतं?"

"त्याच लॉटचे बाकीचे पीस बाजूला काढले असते. त्या दिवशीच्या वाळूच्या ओलाव्याची आणि पर्मिॲबिलिटीची, म्हणजे वाळूतून वायू किती सहज बाहेर पडतो त्याची, नोंद बघितली असती."

"न कापता आतला दोष कसा शोधाल?"

"अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रे. पण सर, हे फक्त वाचलंय, बघितलेलं नाही."

या शेवटच्या वाक्यावर विभागप्रमुख माझ्याकडे बघून हसले. सकाळी हीच मुलगी न येणाऱ्या उत्तरावर जागतिक स्पर्धेचं युग पांघरत होती. आता प्रश्नातून प्रश्न निघत होता आणि चौघांची चर्चा रंगली होती.

दुसऱ्या दिवशी खऱ्या मुलाखतीच्या वेळी मी व्हरांड्यातच होते. बाहेर आल्यावर मुलं कोणते प्रश्न आले ते सांगतात. हिनं आधी वेगळंच सांगितलं. ती ब्लो होलचा किस्सा सांगत असताना पॅनेलवरच्या एकांचा फोन वाजला. ती थांबली. त्यांचं बोलणं होईपर्यंत शांत बसून राहिली. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "सर, पुढे सांगू का?" आणि जिथे वाक्य सुटलं होतं तिथूनच उचललं. "मॅडम, मागे नाही गेले," ती म्हणाली. मला तिच्या निवडीची खात्री तिथेच पटली. संध्याकाळी यादी लागली, त्यात तिचं नाव क्वालिटी विभागासाठी होतं.

आता आम्ही हा चिठ्ठ्यांचा तास शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रापासूनच घेतो, आणि ज्यांना बोलायचीच भीती वाटते त्यांना आधी बसवतो. चिठ्ठ्या विभागप्रमुख आणि वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर लिहितात, कारण शॉप फ्लोअरवर पडणारे प्रश्न त्यांनाच सुचतात. लाल कागद धरायचं काम मात्र मी कोणाला देत नाही.