घरगुती औषधांची वही

आषाढ, दुसरा आठवडा

बडोद्याच्या वन्संनी फोनवर आल्याच्या वड्यांचे प्रमाण विचारले, तेव्हापासून घरातील काढे, चाटणे आणि पथ्याचे पदार्थ एका वहीत उतरवण्याचे काम हाती घेतले आहे. वड्यांची नोंद सोपी होती. एक वाटी आल्याचा कीस थोड्या दुधात बारीक वाटावा, दोन वाट्या साखर घालून मंद आचेवर ढवळत राहावे, मिश्रण कडेने सुटू लागले की तूप लावलेल्या ताटात थापावे आणि कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. गोळा सैल वाटल्यास उतरवल्यावर थोडी पिठीसाखर घोटावी, ही सासूबाईंची पुस्ती.

काढ्याचे तसे नाही. सासूबाई प्रमाण हातानेच दाखवतात, म्हणून आज त्यांना नेहमीसारखे सगळे साहित्य काढायला सांगितले आणि ते भांड्यात पडण्यापूर्वी मोजून घेतले: चार कप पाणी, गवती चहाची चार-पाच पाती, बोटाच्या पेराएवढे आले, पाच मिरी, दहा-बारा तुळशीची पाने, ज्येष्ठमधाची लहानशी कांडी, पाणी निम्मे होईपर्यंत उकळायचे आणि गूळ शेवटी घालायचा. त्याखाली मी माझ्याकडून एक ओळ वाढवली, की रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध वगळावे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन अधिक प्रमाणात आणि रोज पोटात गेल्यास शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. वन्संचे यजमान तर कित्येक वर्षे रक्तदाबाच्या गोळ्या घेत आहेत. सासूबाईंना ही ओळ कधी लागली नाही, कारण त्यांचा काढा पिणारा माणूस समोरच्या पाटावर बसलेला असे आणि कोणाला काय सोसत नाही हे त्यांना पाठ असे. आता तीच कृती मोबाइलवरून चार गावांना जाते आणि पथ्य तेवढे मागे राहते. म्हणून या वहीत कृतीइतकीच जागा ‘कोणी घेऊ नये’ यालाही द्यायची, असे मी ठरवले आहे.

बाळगुटीच्या पानावर यावरून थोडी कुरबुर झाली. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ यांचे किती वेढे उगाळायचे, हे सासूबाईंनी हौसेने सांगितले, परंतु वर्षाखालील बाळाला मध देऊ नये असे मी लिहिताच त्या म्हणाल्या, “अगं, आमची सगळी मुलं मधाचं बोट चाटूनच मोठी झाली.” ते खरेच आहे. तरीही मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि इतक्या लहान बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर बाळाच्या जिवावर बेतते. ओळ वहीत राहिली.

मीठ-साखरेच्या पाण्याला मात्र अंदाज चालतच नाही, याविषयी घरात दुमत नाही. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढले तर जुलाबाने गळालेल्या मुलाला अपायच होतो. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार आणि ग्लुकोज मोजून पाण्यात विरघळवले आणि ते रुग्णांना तोंडाने पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांकडे सोपवले. हजारो जीव वाचले ते या मोजलेल्या पाण्याने.

लिहून ठेवण्याचे महत्त्व हळदीनेही शिकवले आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतातील सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले; परंतु घरोघरच्या आज्यांना हे ठाऊक आहे, एवढे सांगून तेव्हाच्या अमेरिकी कायद्यापुढे भागत नव्हते. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून सादर करावे लागले.

हळदीच्या पानावर हळद-दूध आहे, खरचटल्यावरचा लेप आहे, मुरगळल्यावर लावायचा आंबेहळदीचा लेपही आहे. भाजल्यावर लावायची हळद मात्र सासूबाईंनी सांगूनही मी लिहिली नाही. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा, त्यावर हळद, टूथपेस्ट किंवा तूप काहीही लावू नये आणि फोड मोठा असल्यास दवाखान्यात जावे, एवढेच तिथे आहे. सासूबाईंनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले आणि बर्फ चालतो का, असे विचारले. बर्फही नको, हे त्यांच्यासमोरच खाली लिहिले.