गालावरच्या खळग्याबद्दल, तुम्ही विचारलेत म्हणून

"गालाला भाजले होते का? दाढ काढताना काही चुकले का?" हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, नाशिकला शालिमारच्या बसथांब्यावर आणि एकदा तर रामकुंडावर सासऱ्यांचे पिंडदान चालू असताना विचारला गेला आहे. आजवर मी "लहानपणी पडले होते" असे सांगून मोकळी होत आले. ते खोटे होते. उजव्या गालावर आणि डाव्या दंडावर जे आहे त्याला ल्युपस पॅनिक्युलायटिस म्हणतात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती कातडीखालच्या चरबीवरच उलटते. आधी टणक, दुखरी गाठ येते, आणि ती विरते तेव्हा तिथली चरबीही नाहीशी झालेली असते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा हळदीकुंकवाला मला कोपऱ्यात बसवण्याचे कारण नाही.

ल्युपस म्हणजे नाकागालावर फुलपाखरासारखी लाली, एवढे वाचून आलेले लोक माझ्याशी वाद घालतात. माझ्या गाठीवरची कातडी कित्येक महिने अगदी साधी होती, आणि सारा घोटाळा तिथेच झाला. पहिल्या डॉक्टरांना दंडावरची ती चरबीची निरुपद्रवी गाठ वाटली. दुसऱ्यांनी क्षयाची शंका घेतली, जी आपल्याकडे कोणीही घेईल. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पंच बायोप्सी केली, म्हणजे बारीक गोल पात्याने तपासणीसाठी तुकडा काढला, पण त्या लहानशा तुकड्यात कातडी आली आणि चरबी जवळजवळ आलीच नाही. एएनए, म्हणजे ल्युपसची शंका असताना करतात ती रक्ततपासणीही निगेटिव्ह निघाली. या प्रकारात ती तशी निघू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. इथे मी त्या तज्ज्ञांना दोष देणार होते, परंतु तो अहवाल अजून माझ्या फाइलमध्ये आहे आणि त्यात निश्चित निदान होत नसल्याचे लिहून खालच्याच ओळीत खोलवरचा नमुना घेण्याचा सल्ला दिलेला आहे. मी वरची ओळ वाचली, सुटले म्हणाले आणि दीड वर्ष कोणाकडे गेले नाही. घरात मुलाची दहावी होती, हे कारण खरे आहे. पुरेसे आहे का, ते मला सांगता येत नाही.

गालावर गाठ आली तेव्हा मात्र दंडाला चिरा देऊन, चरबीपर्यंत जाऊन नमुना घेतला गेला. चरबीतच वाढणारा एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे कर्करोग, सूक्ष्मदर्शकाखाली ल्युपससारखाच दिसू शकतो, त्यामुळे पेशींवर विशेष रंगप्रक्रिया करून पाहावे लागेल, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. त्यासाठी नमुना मुंबईला पाठवायचा होता, पण कुरियरवर माझा विश्वास बसेना. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला माझ्याच दंडाचा तुकडा पर्समध्ये ठेवून मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघाले. यजमान शेजारी बसून वर्तमानपत्राचे एकच पान उघडून होते. दंडाचे टाके ताणत होते. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाईंनी चहाचा कप माझ्यापुढे केला आणि मायेनेच विचारले, "ताई, गालाला काय झाले हो?" पर्सवर हात घट्ट दाबून मी म्हणाले, "लहानपणी पडले होते." यजमानांनी पान उलटले. कसारा घाट उतरेपर्यंत आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही, आणि त्या उत्तराविषयी तर आजतागायत बोललेलो नाही.

अहवाल यायला सोळा दिवस लागले. ल्युपस आहे, असे ऐकून पेढे वाटावेसे वाटले. आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. मात्रा वजनावर ठरते आणि त्या गोळीसाठी डोळ्यांचा पडदा नियमित तपासून घ्यावा लागतो. वेळीच निदान झाले असते तर गाल वाचला असता का, असे मी विचारले तेव्हा, औषधाने नव्या गाठी रोखता येतात पण पडलेला खळगा भरून येत नाही, एवढेच उत्तर मिळाले. दीड वर्षापूर्वीची मी त्यावर म्हणते की मग घाई केली असती तरी काय फरक पडला असता. परंतु गालावरची गाठ तेव्हा आलेलीच नव्हती, आणि यावर ती गप्प बसते.

गेल्या आठवड्यापासून उजव्या मांडीवर काही टणक लागते आहे. गुरुवारची वेळ घेतली आहे. यजमानांना अजून सांगितलेले नाही.