व्हिएतनामला कधी जावं? दिवाळीतलं होई आन आणि मार्चमधलं होई आन

मध्य व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या गावी मी दोनदा गेले. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत, नवरा, सहावीतली मुलगी आणि सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) असे चौघं. दुसऱ्यांदा मार्चमध्ये, बहिणीबरोबर. गाव तेच, नदी तीच, उतरलो ते घरही तेच, पण पहिल्या वेळी जे डोळ्यांना दिसलं नाही ते सगळं दुसऱ्या वेळी दिसलं. आता ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात, व्हिएतनामला कधी जावं? प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

पहिली सहल भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. ट्रॅव्हल कंपनीचा ठरलेला कार्यक्रम होता: हनोई, हा लाँग, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी. आठ रात्री. "दिवाळी म्हणजे एकदम बेस्ट सीझन," असं बुकिंग करताना सांगितलं गेलं, आणि हनोईत उतरल्यावर ते शंभर टक्के खरं वाटलं. हवा कोरडी, ऊन कोवळं, संध्याकाळी अंगावर पातळ शाल पुरे. तळ्याकाठच्या रस्त्यावरून चालताना आई एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर सातवीण!" खरंच सप्तपर्णी फुलली होती, आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दरवळते तीच. हनोईकरांसाठी हा शरदाचा वास. त्यांच्या भाषेत झाडाचं नाव आहे 'दुधाचं फूल', कारण फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा लाँगच्या खाडीतही आभाळ स्वच्छ मिळालं. चुनखडीचे डोंगर एकामागे एक, अगदी शेवटचा फिकट निळा डोंगरसुद्धा दिसत होता. १९९४ मध्ये ही खाडी जागतिक वारसा यादीत गेली, ती का, हे बोटीच्या डेकवर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं.

मग विमानाने दा नांगला आलो आणि चित्रच बदललं. विमान ढगात शिरलं ते धावपट्टी जवळ येईपर्यंत ढगातच. दुसऱ्या दिवशी बा ना डोंगरावर गेलो, दोन दगडी दिसणाऱ्या हातांनी उचलून धरलेला तो सोनेरी पूल पाहायला. तिकिटं आधीच काढलेली होती, आणि ती स्वस्त नाहीत. वर इतकं धुकं की मुलगी पुलावर उभी राहून विचारत होती, "हात कुठे आहेत?" आम्ही त्या हातांच्या अगदी जवळ उभे होतो.

होई आनला पोचलो त्या संध्याकाळी पाऊस लागला तो थांबेना. आम्ही उतरलो ते घर थू बोन नदीपासून दोन गल्ल्या आत होतं. रात्री साडेनऊच्या सुमाराला खाली काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून जिन्यात जाऊन पाहिलं. घरमालकीण आणि तिचा मुलगा मिळून फ्रिज विटांच्या थरावर चढवत होते. खुर्च्या टेबलावर, तांदळाची पोती खुर्च्यांवर, स्कूटर गल्लीच्या वरच्या टोकाला नेलेली. कोणाची धावपळ नाही, आरडाओरडा नाही. आई माझ्या मागोमाग आल्या, एक नजर टाकली आणि काही न बोलता खाली जाऊन चपलांचं कपाट रिकामं करायला लागल्या. त्यांचं माहेर चिपळूणचं. वाशिष्ठीचं पाणी घरात कसं येतं, आधी काय उचलायचं, नंतर काय, हे त्यांना सांगावं लागत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये त्यांच्या भावाच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण त्या दोघींनी तासाभरात सगळा तळमजला वर काढला. मग आईंनी मला विचारायला लावलं, "वर धरण आहे का? पाणी सोडलंय का?" मी फोनवरून भाषांतर करून दाखवलं. मालकिणीने मान डोलावली. वरच्या डोंगरात जलविद्युत धरणं आहेत, आणि पावसाच्या दिवसांत तिथून पाणी किती सुटतं याकडे सगळ्या गावाचं लक्ष असतं.

सकाळी उंबऱ्याच्या आत घोटाभर पाणी होतं. नदीलगतच्या बाख दांग रस्त्यावर होड्या फिरत होत्या. कंदिलांच्या होड्या बंद, बांबूच्या गोल टोपल्यांतून फिरवतात तेही बंद, जुन्या वाड्यांची दारं फळ्या लावून मिटलेली. आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर पत्ते खेळत बसलो. मालकिणीने जेवायला घातलं त्याचे पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम लिहिते.

हे आमचं नशीब वाईट म्हणून झालं असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर नकाशा घेऊन बसले तेव्हा समजलं की आम्ही ऐन पावसाळ्यात गेलो होतो. फक्त तो पावसाळा आपला नव्हे, त्यांचा.

हे आपल्याला समजणं अवघड नाही, कारण आपण सह्याद्रीच्या दोन बाजूंना राहतो. नैऋत्येचा वारा कोकण भिजवतो आणि घाट ओलांडून देशावर येईतो कोरडा होतो. व्हिएतनामच्या पश्चिम कडेने लाओसच्या सीमेवर त्रूंग सॉन नावाची डोंगररांग आहे. मे ते ऑगस्ट हाच नैऋत्य मोसमी वारा तिथे पोचतो, पलीकडच्या उतारावर पाऊस पाडतो आणि मध्य व्हिएतनाममध्ये गरम, कोरडा होऊन उतरतो. तिथले लोक त्याला 'लाओसचा वारा' म्हणतात. म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा होई आन कोरडं ठणठणीत. सप्टेंबरच्या अखेरीपासून वारा फिरतो. तो ईशान्येकडून, समुद्रावरून येतो आणि त्याच डोंगराला या बाजूने धडकतो. आता कोकण कुठलं आणि देश कुठला, ते उलटं झालं. चेन्नईला दिवाळीच्या सुमारास पाऊस पडतो तोही ईशान्य वाऱ्याचाच. त्यात समुद्रातली वादळं याच काळात मध्य किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे ह्वे, दा नांग, होई आन या पट्ट्यात सर्वांत ओले महिने, आणि दिवाळी नेमकी त्यातच येते. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीस ह्वेजवळच्या बाख मा डोंगरावर २४ तासांत १,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मुंबईच्या २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर होता, त्यावरून अंदाज करा. त्या आठवड्यात होई आनचं जुनं गाव पुन्हा पाण्याखाली होतं.

देश उत्तर-दक्षिण सरळ रेषेत मोजला तरी साधारण १,६५० किलोमीटर लांब आहे. 'व्हिएतनामचा चांगला सीझन' असं काही नसतंच. आधी तुमची सुट्टी कोणत्या महिन्यात ते बघा आणि मग देशाचा कोणता भाग ते ठरवा. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत बाराही महिने तोच मार्ग छापलेला होता, आणि घोळ तिथेच होता.

दुसऱ्यांदा मी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात गेले, फक्त मध्य भाग धरून. ह्वे ते दा नांग आगगाडीने आलो. जेमतेम शंभर किलोमीटर, पण हाय वान घाटाला वळसा घालून समुद्राच्या अगदी कडेकडेने गाडी जाते, तीनेक तास लागतात. हाय वान म्हणजे समुद्र आणि ढग. उत्तरेची थंड हवा हाच डोंगर अडवतो, आणि हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं: ह्वेला मळभ आणि अंगाला गारवा, घाट उतरलो तर लख्ख ऊन. दा नांगकडे जाताना डाव्या हाताची खिडकी मागा.

होई आनमध्ये या वेळी जुने वाडे उघडे होते. तान की नावाच्या जुन्या व्यापारी वाड्यात शिरले तर भिंतीवर पुराच्या रेषा, प्रत्येकीपुढे साल. १९६४ ची रेषा माझ्या डोक्याच्या वर. छताला चौकोनी झरोका ठेवलेला आहे, पाणी चढायला लागलं की माल त्यातून वर खेचायचा. मी तिथूनच आईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी मला प्रत्येक रेषेजवळ हात धरायला लावला, म्हणजे उंची कळेल.

दुसऱ्या दिवशी माय सनला गेलो, साधारण चाळीस किलोमीटर. चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासून पुढे. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकीत बरीच पडली. अलीकडच्या काही वर्षांत आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथल्या काही मंदिरांचं जतनाचं काम केलं, आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. आपल्या माणसांनी तिथे जाऊन एकेक वीट सांभाळली, हे बघताना मला भरून आलं. पहिल्या सहलीत हे ठिकाण पावसामुळे रद्द झालं होतं. सकाळी दार उघडतं तेव्हाच पोचा. दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही चढतात.

आता आपल्या सुट्ट्यांच्या हिशेबाने सांगते.

दिवाळीत जाणार असाल तर उत्तर घ्या: हनोई, हा लाँग, निन्ह बिन्ह. हवेसाठी याहून चांगला काळ नाही. उरलेले दिवस मध्य भागात घालवण्यापेक्षा थेट दक्षिणेला जा. तिथे नोव्हेंबरात पाऊस ओसरायला लागतो, पडला तर दुपारची सर येऊन जाते. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली तरी होई आनच्या भानगडीत पडू नका.

नाताळच्या सुट्टीत दक्षिण: हो ची मिन्ह सिटी, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, फू क्वोक बेट. कोरडी हवा, शांत समुद्र. हनोई तेव्हा करडं आणि ओलसर थंड असतं; पारा १२-१५ वर दिसला तरी घरांत उबेची सोय बहुधा नसते, त्यामुळे तो जास्त बोचतो.

जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष येतं. तारीख चांद्र पंचांगाप्रमाणे बदलते, ती बघूनच तिकीट काढा. त्या आठवड्यात दुकानं, खानावळी बंद, गाड्या भरलेल्या, कारण सगळा देश गावी निघालेला असतो. आपल्या गणपतीत कोकणची गाडी मिळते का? तसंच.

फेब्रुवारी-मार्च मध्य भागासाठी उत्तम, पण मुलांच्या परीक्षा असतात. त्याच वेळी उत्तरेत बारीक भुरभुर आणि धुकं असतं, हा लाँगचे डोंगर दिसत नाहीत. शाळेच्या सुट्टीला बांधलेल्यांसाठी माझं ठाम मत: होई आन, दा नांग मेमध्ये करा. ऊन कडक असतं, पण आपल्या विदर्भ-मराठवाड्याची सवय असलेल्याला ते जड नाही, आणि समुद्र पोहण्याजोगा असतो. सकाळी सहा ते दहा फिरा, दुपारी झोपा, चारनंतर पुन्हा बाहेर पडा. मे-जूनमध्ये उत्तरेत मात्र उकाडा फार, आणि पुढे वादळांचे महिने. जुलै २०२५ मध्ये हा लाँगला अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेली. बोटी बंद ठेवल्या तर वाद घालू नका.

व्हिसाचं आता सोपं आहे. ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करा आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते गाळलं की गोंधळ होतो. निघण्याच्या तीनेक आठवडे आधी अर्ज करून टाका.

देशांतर्गत विमानं आणि खोल्या शक्य तितक्या रद्द करता येतील अशाच घ्या. होई आनला नदीकाठची खोली फोटोत सुंदर दिसते, पण पावसाच्या महिन्यांत जावंच लागलं तर नदीपासून लांब आणि वरच्या मजल्यावरची मागा. थोडे रोख पैसे जवळ असू द्या, कारण पुरात वीज जाते आणि एटीएमही बंद पडतं. बा ना डोंगराचं तिकीट आदल्या रात्री नको, सकाळी खिडकीतून डोंगर दिसला तर काढा. शाकाहारी असाल तर 'चाय' हा एकच शब्द पाठ करा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ शाकाहारी, आणि पौर्णिमा-अमावास्येला बरेच बौद्ध लोक तसं जेवतात, त्यामुळे ते मिळायला अडचण येत नाही.

एक ठिकाण अजून राहिलंय. उत्तरेतल्या 'सा पा' या डोंगराळ गावाची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती सप्टेंबरात पिवळी होते आणि महिनाअखेरीपर्यंत कापून होते. आमच्या घरी गणपती असतात. शिवाय सप्टेंबर म्हणजे उत्तरेत वादळाचा धोका. यागी वादळ २०२४ च्या ७ सप्टेंबरला तिथे धडकलं, त्या दिवशी आपल्याकडे गणेश चतुर्थी होती. विसर्जन लवकर असेल त्या वर्षी, शेवटच्या आठवड्यात, चार दिवसांपुरतं आणि रद्द करता येणारं तिकीट काढून जायचं असं मी आणि आईंनी ठरवलंय. कॅलेंडर त्यांनी स्वयंपाकघरात लावलंय.