यादी हलत नाही, तेव्हा मी आधी काय बघतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदूरला विजयनगरच्या आमच्या ऑफिसात मोबाइल ॲप बनवायला नवी मुलं येतात आणि प्रत्येकाचा प्रश्न कधी ना कधी हाच असतो: "दादा, डेटा बदललाय, लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदींत, दिसतोय, पण स्क्रीनवरची लिस्ट तशीच आहे. असं का?"

बहुतेक वेळा यादीत काही बिघाड नसतो. बदल झाला हे तिला कुणी कळवलेलंच नसतं. हे मला मामीमुळे कळलं.

मामी रामबागेत डबे करते, रोजचे साठेक. तिच्यासाठी मी अँड्रॉइडवर छोटं ॲप केलं होतं. डबा पोचवला की पोऱ्याने आपल्या फोनवर बटण दाबायचं आणि मामीच्या फोनवर ती ओळ हिरवी व्हायची. पहिल्याच दुपारी तिचा फोन आला. "अरे, टिळकनगरचा डबा अजून पांढराच दिसतोय. दुसरा भरून पाठवू का?" डबा पोचून अर्धा तास झाला होता. तिने पोळ्या मोजायला घेतल्या होत्या.

संध्याकाळी जाऊन फोन बघितला. ओळ पांढरी. यादी बोटाने बरीच खाली नेली, परत वर आणली, तर तीच ओळ हिरवी! हा सगळ्यात मोलाचा पुरावा. अँड्रॉइडवर यादी दाखवणारा भाग म्हणजे रिसायकलरव्ह्यू. तो ओळी पुन्हा पुन्हा वापरतो. ओळ लांब सरकून परत आली की ती नव्याने भरली जाते, आणि तेव्हा ताजा डेटा वाचला जातो. थोडंसंच सरकवलंत तर फसाल, कारण नुकत्याच बाहेर गेलेल्या एकदोन ओळी तो भरलेल्याच जपून ठेवतो. म्हणजे मामीच्या फोनवर डेटा बरोबर होता, बदलाचा निरोप यादीला पोचला नव्हता.

यादीतला डेटा ओळींत भरायला मी लिस्टअडॅप्टर वापरला होता. त्याला नवी यादी द्यायची ती सबमिटलिस्ट या फंक्शनने. जुन्या यादीतल्या डब्यावर 'पोचला' अशी खूण करून तीच यादी सबमिटलिस्टला परत देत होतो. तो आधी एवढंच बघतो, की हाती आलेली यादी म्हणजे आधीचीच वस्तू आहे का. असेल तर तिथूनच परत फिरतो, आत काय बदललं ते उघडूनही बघत नाही.

मग मी यादीची नक्कल करून दिली. तरी ओळ पांढरीच! इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून नीट वाचा. यादी नवी होती, पण तिच्यातले डबे जुनेच होते. लिस्टअडॅप्टरच्या आत डिफयुटिल असतो, तो जुना डबा आणि नवा डबा शेजारी ठेवून फरक शोधतो. दोन्हीकडे एकच वस्तू, आणि तिच्यावर मी आधीच खूण करून बसलेलो. फरक दिसणार कुठून? डब्याची माहिती कोटलिनच्या डेटा क्लासमध्ये होती. त्यातली खूण जागेवर न बदलता, त्याच्या कॉपी फंक्शनने खूण बदललेला नवा डबा बनवला आणि तो नव्या यादीत ठेवला, तेव्हा ओळ जागच्या जागी हिरवी झाली.

'सगळंच बदललं' असं यादीला सांगणारा नोटिफायडेटासेटचेंज्ड लावून मोकळं व्हायचा मोह मलाही झाला होता. तपासायला तो उत्तम आहे: तो लावल्यावर बदल दिसला तर डेटा ठीक आहे, हे पक्कं. पण कायमचा ठेवू नका, एका ओळीसाठी दिसणारी सगळी यादी पुन्हा भरावी लागते.

ओळखीचंही बघा, म्हणजे जुन्या यादीतला कुठला डबा नव्या यादीतला कुठला, हे डिफयुटिल कशावरून ठरवतो ते. मी डब्याची ओळख म्हणून गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घेतला होता, आणि एका घरी दोन डबे जात होते, म्हणून दोघांची ओळख एकच ठरत होती. प्रत्येक डब्याला स्वतःचा क्रमांक दिला तेव्हा तो घोळ मिटला.

ॲप बनवायच्या दुसऱ्या साधनांतही असंच. रिॲक्ट नेटिव्हमधली यादी म्हणजे फ्लॅटलिस्ट, तिच्यातही तीच गोष्ट: नवी यादी द्या, आणि ओळ यादीबाहेरच्या एखाद्या स्टेटवर, म्हणजे बदलत्या माहितीवर, अवलंबून असेल तर ते एक्स्ट्राडेटा या प्रॉपमध्ये द्या. फ्लटरमध्ये, बदल झाल्याचं स्क्रीनला कळवणारं सेटस्टेट लिहायचं राहिलंय का ते आधी बघा. ते असूनही एका ओळीची खूण दुसरीवर दिसत असेल तर ओळींना की (key), म्हणजे प्रत्येकीची वेगळी ओळख, द्या.

एवढं करूनही अडलात तर अडॅप्टरचा कोड पाठवा. आणि यादी लांबवर सरकवून परत आणल्यावर काय दिसलं, ते सगळ्यात आधी लिहा.