सख्खा की मावस?

ती ओळ मीच टाइप केली होती. घरमालकाशी नातं काय, तर 'ब्रदर'.

इंग्लंडमध्ये, स्विंडनमधल्या एका सल्ला केंद्रात मी आठवड्यातून तीन दिवस काम करते. भत्ते, थकलेलं भाडं, विजेची बिलं, असल्या भानगडींत लोकांना फॉर्म भरून द्यायचे, पत्रं लिहून द्यायची. या गावात गोव्याची माणसं पुष्कळ. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, बहुतेक जण गोदामांत नाहीतर केअर होममध्ये. मला मराठी येते आणि कोकणी कळते, म्हणूनच मला तिथे घेतलं. भाषेसाठी ठेवलेल्या बाईनं भाषेतच माती खाल्ली, ती अशी.

त्याला महेश म्हणू. पेडण्याकडचा, वय 31. ब्रेक्झिटच्या आधी आलेला, त्यामुळे सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क, हातात होतं. ते नसतं तर पुढचं काही बोलायलाच नको होतं. (वर्क व्हिसावरची आपली मुलं नोकरी गेली की मला विचारतात, "ताई, आम्हाला काही मिळतं का?" नाही मिळत. सरकारी भत्त्यांवर हक्क नाही ही अट त्यांच्या व्हिसातच असते.) एजन्सीमार्फत गोदामात रात्रपाळी करायचा. नाताळची गर्दी ओसरली आणि 2025च्या जानेवारीत एजन्सीचे फोन यायचे बंद झाले. दुसरं काम लागेपर्यंत युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याचा अर्ज करू म्हणून आला.

"राहता कुठे?"

"भावागेर."

"भाडं देता?"

"देतां मगे. आठवड्याचे शंभर पौंड. रातचं जेवण धरून."

मालकाच्याच घरात खोली घेऊन राहणारा तो लॉजर, म्हणजे आपल्याकडचा पेइंग गेस्ट. स्टँपपेपरवरचा करार नसला तरी लॉजरला खोलीच्या भाड्यासाठी मदत मागता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. भाडं खरोखर ठरलेलं हवं आणि ते देणं त्याच्यावर बंधनकारक हवं, एवढंच. मी उत्साहानं सगळं भरलं. तो 'भाऊ' म्हणाला, मी भाऊ लिहिलं. फोन वाजत होता, बाहेर अजून चार जण बसले होते. हे कारण नाही, पण तसं होतं खरं.

मार्चमध्ये एका मंगळवारी तो परत आला. न बोलता फोन माझ्यापुढे सरकवला. अर्जानंतर पाच आठवड्यांनी पहिले पैसे आले होते, 393 पौंड 45 पेन्स. म्हणजे एकट्या माणसाचा महिन्याचा तेव्हाचा मूळ भत्ता, बस्स. खोलीपोटी शून्य. खाली कारण होतं: तुम्ही जवळच्या नातेवाइकाच्या घरी, त्याच्यासोबत राहता.

नियम तसाच आहे. आई-बाप, मुलं, सासू-सासरे, सून-जावई, सावत्र आई-बाप, सावत्र मुलं, भाऊ-बहीण आणि या सगळ्यांचे जोडीदार. यांच्यापैकी कोणी घरमालक असेल आणि त्याच छपराखाली राहत असेल, तर तुम्ही भाडं कितीही इमानदारीनं भरा, मदत नाही. तोच भाऊ दुसऱ्या घरात राहत असता तर विचार तरी झाला असता. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं, वर "कायदाच आहे, काय करणार" असंही म्हणाले. तो मान हलवत होता. निर्णयाला 26 दिवस झाले होते. इतके दिवस का थांबला? "मिळाले तेच उपकार, म्हणून विचारूक नाही."

उठता उठता मी सहज म्हटलं, "आईला कळवलंय का? गावी कोणाकडे असतात त्या?"

"आई घरात असता. दादाची आई, म्हणजे माझी मावशी, ती बाजूच्या वाड्यार."

मी परत खाली बसले.

आपल्याकडे मावस, मामे, आते, चुलत असे चार वेगळे शब्द आहेत आणि बोलताना आपण चारही गाळून टाकतो. 'मावसभाऊ' म्हटलं तर उगाच परकं केल्यासारखं वाटतं. इंग्रजीत त्या चौघांना मिळून एकच शब्द, कझिन, आणि कझिन त्या यादीत नाही. मी रत्नागिरीची. सात मावसभावांना राखी बांधत मोठी झाले, आणि 'सख्खा का?' एवढं विचारायचं सुचलं नाही.

फेरविचाराचा अर्ज निर्णयापासून महिन्याच्या आत करावा लागतो. निर्णय फेब्रुवारीतला, म्हणजे हातात दोनच दिवस होते. दादाला फोन लावला. ते आणि वहिनी चारच्या सुमारास आले. दादा पूर्वी होंडाच्या कारखान्यात होते; 2021 मध्ये तो बंद पडल्यापासून बस चालवतात, युनिफॉर्ममध्येच आले. मी म्हटलं, एक पत्र लागेल. महेश तुमचा सख्खा भाऊ नाही, इतकं भाडं ठरलंय, त्यातलं खोलीचं किती आणि जेवणाचं किती. जेवणाचे पैसे मदतीत धरत नाहीत.

दादांचा चेहरा उतरला. "भाऊ नाही असं मी लिहून देऊ? सहीनिशी?"

"कझिन आहे असं लिहा."

"एकच ना ते."

त्यांनी पेन घेतलं, बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि इंग्रजीत लिहिलं, 'हा माझा भाऊ आहे, पण खरा नाही.' तो कागद मी हळूच बाजूला ठेवला. असलं वाक्य वाचून तिकडच्या माणसाला वाटायचं, नातंच बनावट आहे.

नात्याचा पुरावा महेशच्या फोनमध्येच निघाला. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्माची नोंद लिस्बनला करावी लागते. त्या दाखल्यावर आई-वडिलांचीच नव्हे, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात. दादांचा दाखलाही त्यांच्याकडे होता. दोन्ही शेजारी ठेवले. पोर्तुगीज आम्हा चौघांपैकी एकालाही येत नाही, नावं मात्र वाचता येत होती. आईचं नाव वेगळं, बापाचं वेगळं, आणि आईकडच्या आजी-आजोबांच्या जागी तीच दोन नावं. पेडण्यातल्या कुठल्याशा घरातले ते म्हातारा-म्हातारी स्विंडनमध्ये नातवाच्या भाड्यासाठी साक्षीला उभे राहिले.

राहिला भाड्याचा पुरावा. डिसेंबरपर्यंत बँकेतून दर शनिवारी शंभर जमा झालेले दिसत होते. जानेवारीपासून काहीच नाही. म्हणजे दादांनी भाडं माफ केलं की काय? माफ केलं असेल तर देणंच उरत नाही, आणि अर्ज तिथेच संपतो.

"मी कधी मागितलंच नाही त्याच्याकडे," दादा अभिमानानं म्हणाले. मी मनात कपाळावर हात मारला.

वहिनींनी पिशवीतून कालनिर्णयची पानं काढली. तारखांच्या मागे जिथे दूध आणि पेपरचा हिशेब लिहितात, तिथे निळ्या पेनानं लिहिलं होतं: महेश 100, महेश 100. जानेवारीपासून महेश बाकी, महेश बाकी. मध्ये एकदा 'महेश 40 दिले'. सोबत तिने त्याला पाठवलेला मेसेज होता, काम लागलं की आधी भाडं, मग मोबाइल.

दादा बायकोकडे बघत राहिले. "तू लिहून ठेवत होतीस?"

"मॉर्गेज कोण भरतं मग?" वहिनी म्हणाली. महेश खाली बघत होता.

मी पानांचे फोटो काढले, इंग्रजी अनुवाद जोडला, खोली 80 आणि जेवण 20 अशी फोड केलेलं नवं पत्र दादांकडून घेतलं. अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की 'ब्रदर' हा शब्द अर्जदाराचा नसून फॉर्म भरणाऱ्या सल्लागाराच्या भाषांतराची चूक आहे. केंद्रातल्या माझ्या वरिष्ठ बाईंनी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

सहा आठवड्यांनी निर्णय फिरला, मागचे पैसेही मिळाले. 35च्या आतल्या एकट्या माणसाला सामायिक घरातल्या खोलीचाच दर लागतो, त्यामुळे पूर्ण भाडं निघालं नाही, बरंचसं निघालं. तोवर त्याला दुसऱ्या गोदामात काम लागलंही होतं.

मग एका संध्याकाळी दादांचा फोन. "ताई, काम झालं ना? आता ते पत्र मी फाडून टाकतो."

"नको हो, राहू दे फायलीत. कधी विचारलं तर?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "बरं. पण महेशच्या फायलीत ठेवतो. माझ्या नको."