मायफळाची शाई

मार्च महिना होता आणि बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत मी कागद-संवर्धनाचं काम शिकत होते. त्या सकाळी माझ्या टेबलावर जॉन अ‍ॅडम्स यांच्या रोजनिशीची एक वही आली. पुढे ते अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले, पण ही वही लिहिणारा माणूस ३७ वर्षांचा वकील होता. १७५३ ते १८०४ या काळातल्या त्यांच्या अशा ५१ वह्या आहेत. १९५६ साली घराण्याचे सगळे कागद संस्थेकडे आले.

माझं काम शाई तपासायचं. पुण्यात मोडी कागद हाताळताना काजळाची शाई पाहिली होती. ती कागदावर बसून राहते. ही शाई कागदात मुरते. मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, यांची ही शाई. बाळगुटीसाठी आजी सहाणेवर उगाळायची तेच मायफळ! लिहिताना फिकी, हवेत काळी, शतकं उलटली की तपकिरी. तिच्यातलं आम्ल कागद खातं. रेघ जाड असेल तिथे अक्षराच्याच आकाराची भोकं पडतात. ओलावा लावायचीही सोय नाही, लोह आणखी पसरतं. कापडाच्या चिंध्यांचा तो चिवट कागद होता म्हणूनच इतकी वर्षं टिकला.

तिरप्या प्रकाशात भिंगातून भेगा शोधताना मजकूर वाचायचा नसतो, नजर रेघेवर ठेवायची असते. पण तारीख दिसली, ५ मार्च १७७३, आणि खाली ‘प्रेस्टन’ हे नाव. मग राहवलं नाही.

५ मार्च १७७० च्या रात्री ब्रिटिश सैनिकांनी बॉस्टनमधल्या जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. गाव पेटलेलं असताना कॅप्टन प्रेस्टन आणि आठ सैनिकांचं वकीलपत्र अ‍ॅडम्सनी घेतलं. प्रेस्टन सुटला. सैनिकांपैकी सहा सुटले. दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग देण्यात आला. अ‍ॅडम्स स्वतः ब्रिटिश धोरणाच्या विरोधातले, हे लक्षात घेतलं की त्या निर्णयाचं वजन कळतं.

तीन वर्षांनी, त्याच तारखेला, डॉ. बेंजामिन चर्च यांचं स्मृतिभाषण ऐकून आल्यावर अ‍ॅडम्सनी हे पान लिहिलं. हे भाषण करायची विनंती आधी अ‍ॅडम्सनाच झाली होती, त्यांनी नाकारली होती. ते लिहितात की या बचावामुळे पुरेशी चिंता आणि निंदा वाट्याला आली, तरी आपल्या हातून देशाची झालेली ही एक उत्तम सेवा. सैनिकांना फाशी झाली असती तर पूर्वी क्वेकर पंथाच्या लोकांना आणि चेटकिणी ठरवलेल्यांना दिलेल्या फाशीइतकाच काळा डाग देशावर बसला असता. पुरावा पाहता ज्युरीचा निकाल अगदी योग्य होता. आणि लगेच पुढे: म्हणून गावाने त्या रात्रीला हत्याकांड म्हणू नये असं नाही. शहरात खडं सैन्य ठेवणं किती धोक्याचं, याचा तो सर्वांत सबळ पुरावा.

मी भिंग खाली ठेवलं. आरोपींचा वकील मृतांच्या गावाला त्याचा शब्द नाकारत नाही, आणि गावासाठी निकालही बदलत नाही. दोन्ही वाक्यं एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेली, शेजारी शेजारी. मी ती दोनदा वाचली. मग पुन्हा दिवा तिरपा केला आणि त्या ओळींच्या रेघा, जरा जास्तच सावकाश, एकेक करून तपासल्या.

अहवालात लिहिलं: शाई तपकिरी, स्थिर. या पानावर भेग नाही.