प्लेगच्या साली गावी आलेले पणजोबा आणि माझी कादंबरी

आमच्या घरात एवढंच चालत आलेलं, की पणजोबा प्लेगच्या साली परळची गिरणी सोडून बोटीने हर्णैला उतरले आणि मग दापोलीकडेच राहिले. बास. का आले, कोणाबरोबर आले, कोणीच बोलायचं नाही.

धागा सापडला तो जुन्या हिशोबाच्या वहीत, आणि वही मोडी लिपीत. मग मोडीचा क्लास लावला, कारण त्यात आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि शब्द तोडतच नाहीत, अंदाजाने काही लागत नाही. एका पानावर होतं, शके १८१८, दुर्मुख संवत्सर, माघ, बोटीचं भाडं तीन माणसांचं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण माघ बहुतेक जानेवारी उलटल्यावर येतो म्हणून तिथे ७९ धरायचे, म्हणजे १८९७ चा फेब्रुवारी. तारीख मिळाली आणि मग बाहेरचा इतिहास घराला येऊन भिडला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले कारण तिकडे नेलेला माणूस परत येत नाही अशी धास्ती होती, आणि ऐन फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. सरकारी माणसं घराघरात शिरून आजाऱ्यांना शोधायची आणि लोक त्यांना लपवायचे.

पण भाडं तिघांचं, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे पणजोबा, पणजी आणि मुलं दोन. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, अरे थोरली मुलगी होती, तिला माळ्यावर लपवलेली, पुढचं माझी आजी कधीच बोलली नाही. वंशावळीत तिचं नाव नाही, मुलींची नावं घातलीच नाहीत कोणी. त्या दिवशी ठरलं, कादंबरी पणजोबांची नाही, या मुलीची.

चुलत भाऊ म्हणाला घरातलं चव्हाट्यावर कशाला. त्याचं म्हणणं मला पटतं म्हणून आडनाव आणि गाव बदललं, पण बंदर, गिरणगाव आणि तारखा जशाच्या तशा ठेवल्या. जे नोंदीत आहे ते गोष्टीच्या सोयीसाठी हलवायचं नाही, आणि जिथे नोंद गप्प आहे तिथे मात्र मोकळेपणाने लिहायचं, मुलगी माळ्यावर काय ऐकत असेल, पणजीने शेजारणीला काय सांगितलं असेल. पूर्वजांना शूरवीर करायचा मोह अशा लिखाणात फार होतो आणि मला तो पटत नाही, घाबरलेला बाप मला जास्त खरा वाटतो.

सध्या हर्णैचं प्रकरण चालू आहे. बोट लांब उभी राहायची, माणसं पडावात, म्हणजे होडीत, उतरून किनाऱ्याला यायची. पणजीला पडावात बसवलंय, तिच्या तोंडी अजून एकही वाक्य घातलेलं नाही. आधी आत्याला वाचून दाखवणार आहे.